पट्टीवरचे आकडे

ज्वालामुखीच्या उतारावर जमिनीची उंची मोजायचं काम आम्ही नवराबायकोनं वीस वर्षं केलं. ती खुणेच्या दगडावर पट्टी उभी धरायची, मी दुर्बिणीतून आकडा वाचायचो. गेल्या वर्षी मी ओरडलो, "अगं, सरळ धर!" ती म्हणाली, "मी सरळच आहे हो, तुमचा डोंगर वाकडा!" महिन्याभरात ती आजारानं गेली. यंदा लेकीनं पट्टी धरली, तर काही ठिकाणी जमीन गेल्या वर्षीपेक्षा चार मिलिमीटर वर आलेली निघाली. "खाली शिलारस चढतोय," साहेब घाबरले. "गाव हलवावं लागेल." मी गेल्या वर्षीची वही काढली. सकाळचे आकडे यंदाशी जुळत होते. दुपारचेच चुकले होते. पट्टी कलली की आकडा जास्त येतो, आणि जमीन आहे त्यापेक्षा खाली दिसते. "डोंगर हलला नाही, साहेब," मी म्हणालो. "तिला दुपारनंतर उभं राहवत नव्हतं. दुर्बिणीतून मला फक्त आकडे दिसत होते."