नवलच्या नावाचं परमिट

“नवलभाऊंची सही कुठे आहे?” दिपमालाने विचारलं.

“आता काय त्याच्या बायकोची सही आणू?” बन्सीलाल म्हणाला. “माणूस बेशुद्ध पडलाय, ताई. दवाखान्यात सलाइन चालू आहे. काम झालंय, मी स्वतः पाहिलंय. आमची चारही माणसं खाली उतरली, अर्थिंगचा रॉड काढला. चालू कर.”

पारोळ्याजवळच्या त्या वीज उपकेंद्रात दिपमाला त्या दिवशी एकटीच ड्यूटीवर होती. सकाळी अकराला लाइनमन नवलने येऊन परमिट घेतलं होतं. परमिट म्हणजे एक साधा कागद. ज्याच्या नावावर तो निघाला, त्यानेच काम संपल्यावर सही करून परत करायचा. तोवर लाइन बंद. दिपमालाने सोळा गावांची लाइन बंद केली होती, आणि साडेबाराच्या सुमारास नवल उन्हाने चक्कर येऊन खांबाजवळच कोसळला होता. गाववाल्यांनी त्याला जीपमधून पारोळ्याला नेलं. त्याचा जोडीदार बन्सीलाल उरलेलं काम पुरं करून, दिपमालाशी फोनवर भांडून थकला आणि शेवटी मोटरसायकल घेऊन थेट उपकेंद्रात आला होता.

“दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून मी चालू करू शकत नाही, बन्सीभाऊ.”

“मी दुसरा कुणी आहे का? चौदा वर्षं झाली मला या लाइनवर.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

दोन वाजत आले होते. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं. फाटकाबाहेर वीस-पंचवीस माणसं जमली होती. गावांच्या पाण्याच्या टाक्या भरायच्या राहिल्या होत्या. तिच्या सासूचाही फोन येऊन गेला होता, तिचं पाळण्यातलं लेकरू उकाड्याने रडून रडून निळं पडायला आलं म्हणून. फाटकाच्या गजांना धरून गावातले म्हातारे उखर्डू आबा उभे होते.

“ताई,” ते शांतपणे म्हणाले, “काम व्हई गये म्हनतस. मंग बटन दाबाले काय लागस?”

“काहीच लागत नाही, आबा. म्हणून तर भीती वाटते.”

मग साहेबांचा फोन आला. कनिष्ठ अभियंता किरण सर धुळ्याला मीटिंगला गेले होते. त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जबाबदारी माझी. चालू करा.”

“सर, तसं लेखी द्या. आणि आधी कुणाला तरी सगळी लाइन फिरून बघू द्या.”

“त्यात दोन तास जातील. सोळा गावं बंद आहेत, मॅडम.”

“माहीत आहे, सर. माझं घरही त्यातच आहे.”

“मी निघतो इथून. पण उद्या याचं लेखी उत्तर तुम्हाला द्यावं लागेल,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दिपमाला खुर्चीत बसली. आपण उगाच अडून बसलो का, हे तिचं तिलाच कळेना. नवल शुद्धीवर आलाच नाही तर? रात्र झाली तर? बन्सीलाल पॅनेलसमोर येरझाऱ्या घालत होता. त्याने एकदा लाल मुठीच्या स्विचकडे पाहिलं. ती उठली आणि पॅनेल आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. त्याने मान दुसरीकडे वळवली.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिच्या मोबाइलवर नवलचं नाव उमटलं.

“ताई, मी हेमलता बोलते, यांची घरवाली,” एक घाबरलेला आवाज म्हणाला. “आत्ता डोळे उघडलेत. डॉक्टर बोलू नका म्हणतात, पण हे ऐकत नाहीत. सलाइनची सुई ओढून उठायला लागलेत. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात.”

दिपमालाने स्पीकर लावला. नवलचा आवाज फुटका, कोरडा होता.

“ताई, लाइन चालू तं नही करी ना?”

“नाही, भाऊ.”

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग तो रडतोय हे दिपमालाच्या ध्यानात आलं.

“धनसिंग खांबवर शे,” तो म्हणाला. “नालाना पल्याड.”

धनसिंग त्यांच्या टोळीतला नव्हताच. तो शेजारच्या सेक्शनचा लाइनमन. घरी जाताना रस्त्यात नवलला भेटला होता. नाल्यापलीकडच्या तीन-चार खांबांवरची, तारा ज्यांवर बांधतात ती चिनी मातीची भांडी तडकली होती. लाइन बंदच आहे तर तेवढी बदलून टाक, असं नवलने त्याला सांगितलं होतं. तिथे मोबाइलला रेंज नाही. बन्सीलालला हे सांगावं म्हणून नवल वळला आणि तिथेच कोसळला.

हे सगळं नवलने तुटक तुटक सांगितलं. ते पुरं व्हायच्या आत बन्सीलाल खोलीबाहेर पडला होता. त्याची मोटरसायकल फाटकातून निघताना माणसं बाजूला झाली. काय झालं ते कुणी विचारलं नाही. त्याचा चेहरा सगळ्यांनी पाहिला होता.

पंचवीस मिनिटं गेली. दिपमाला पॅनेलपाशी उभीच होती. उखर्डू आबांनी फाटकातून पाण्याची बाटली आत सरकवली, ती तिने घेतली नाही.

मग बन्सीलालचा फोन आला. नाल्याच्या अलीकडे, रेंज मिळते तिथवर, तो पळत आला असावा. त्याला धाप लागली होती.

“धनसिंग उतरना खाले,” तो म्हणाला. “मन्हाजोडे उभा शे. हासी राहिना, त्याले काही म्हाईतच नही.”

दिपमाला खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले.

“ताई,” बन्सीलालचा आवाज खाली आला, “पन आते चालू करू नको. मी बठ्ठा, एकेक खांब एकदाव फिरी येस.”