पिऊन दाखवण्याचं काम

पावडर पुरती विरघळली की नाही हे पाहण्याच्या निमित्ताने प्रशिक्षकाने शेकर आणखी थोडा वेळ हलवला. समोर संध्याकाळच्या तुकडीतले तरुण घाम पुसत उभे होते.

“सर, किती घुसळताय? लोणी काढायचंय का?” एकाने विचारलं.

“काढतो, आणि तुझ्या डोक्याला चोळतो. तिथे जास्त गरज आहे.”

सगळे हसले. त्या हसण्याच्या आडोशाने त्याने डोळे मिटून शेकर रिकामा केला.

व्यायामशाळेचा तो शिरस्ताच होता. तुकडीचा व्यायाम संपला की प्रशिक्षकाने आरशापुढे उभं राहून काउंटरवर विकायला ठेवलेली प्रोटीन पावडर सगळ्यांदेखत प्यायची. त्याचे दंड, त्याची छाती आणि हातातला शेकर; निराळ्या जाहिरातीची गरज उरत नसे. डबा मालक स्वतः उघडत आणि पावडरही स्वतःच्या हाताने मोजून घालत, त्यामुळे हातचलाखीला वाव नव्हता.

तो आपल्या खोलीकडे वळला. ऐसपैस, सैल सदरा घालणाऱ्या मालकांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी ही स्वच्छतागृहाला लागून असलेली खोली त्याला न मागता दिली होती. शिकवताना तो मध्येच नाहीसा झाला तरी त्यांनी कधी कारण विचारलं नाही. असा मालक शोधून सापडायचा नाही, असं तो घरी नेहमी सांगे.

त्याच्या आतड्यांना जुनाट सूज होती. ती जाणार नाही, तिला सांभाळून जगायचं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. ही पावडर तर त्याला मुळीच सोसत नव्हती. प्यायल्यानंतर पोटात पीळ पडे, आणि अलीकडे रक्तही जाऊ लागलं होतं. औषधं महागडी होती आणि ती याच पगारातून येत होती. गेल्या खेपेला डॉक्टरांनी ऑपरेशनचा शब्द प्रथमच उच्चारला. पावडर बंद करा, नाहीतर आतडं वाचवणं आमच्या हातात राहणार नाही, असं ते म्हणाले होते.

त्या रात्री घरी न्हाणीघराच्या बंद दारापलीकडून बायको म्हणाली, “आज पुन्हा?”

“थोडंसं.”

“तुझं थोडंसं किती असतं ते मला आता कळतं. सांगून टाक त्यांना. देवमाणूस आहे म्हणतोस ना?”

“देवमाणूस असला तरी धंदा आहे त्यांचा. आजारी प्रशिक्षक कोण पदरी बाळगील?”

“काढलं तर काढलं. आपण बघू काहीतरी. तू आधी बाहेर ये.”

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यायामशाळा रिकामी होती. मालक एका यंत्राच्या तारेला तेल लावत बसले होते.

“दादा, थोडं बोलायचं होतं.”

“बोल की. पगारवाढ सोडून काहीही बोल.”

मनात जुळवून आणलेली वाक्यं ऐनवेळी विस्कटली. आजार, डॉक्टरांची ताकीद, इतके दिवस केलेली लपवाछपवी, सगळं तो एका दमात बोलून गेला. रक्ताचंही सांगितलं.

“मी मन लावून शिकवतो, दादा. त्यात कसूर करणार नाही. फक्त त्या पिण्यातून तेवढं सोडवा.”

मालकांनी फडक्याला हात पुसले. उठून दाराला कडी घातली. आता हिशेब हातावर ठेवतील, असं त्याला वाटलं. आणि भीतीच्या तळाशी कुठेतरी हायसंही वाटलं. काढलं की सुटलो.

मालकांनी सदरा वर केला. बेंबीच्या उजव्या अंगाला, कातडीच्या रंगाची एक पिशवी पोटाला चिकटवलेली होती.

“मोठं आतडं काढून टाकलंय,” ते म्हणाले. “हाच आजार. तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो.”

त्याला भरून आलं. इतके महिने ज्यांच्यापासून लपवलं, तेच हे स्वतः भोगलेले निघाले. “मग तुम्हाला वेगळं सांगायला नको, दादा.”

“नकोच. मुलाखत चालू असताना तू दोनदा उठून गेलास, तेव्हाच मी ओळखलं.” त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला आणि कडी काढली. “संध्याकाळी वेळेवर ये. पिणं चुकवू नकोस.”

तो जागचा हलला नाही. “ओळखलं होतं, तर मला घेतलं कशाला? माझ्यापेक्षा तगडे कितीतरी आले होते.”

“धडधाकट माणसं टिकत नाहीत रे,” मालक नेहमीच्याच मायेने म्हणाले. “त्यांना कुठेही काम मिळतं.”