टेकाडापलीकडचा आवाज

भूमच्या बाजारातून आणलेला नवा फोन गोरोबाच्या बंडीच्या खिशात दिवसभर असायचा. मेंढरांमागं हिंडताना त्याला तेवढीच गाण्यांची सोबत.

"ह्ये फोन आपलं बोलणं चोरून ऐकत्यात आन् परदेशात धाडत्यात म्हणं," त्याची बायको दैवशाला एकदा गोरोबाला म्हणाली.

"आपल्या बोलण्यात काय सोनं हाय व्हय?" गोरोबानं हसण्यावारी नेलं.

त्या दुपारी कळप माळावर चरत होता. वारा पार थांबला होता. अचानक टेकाडापलीकडून हाक आली, "हुर्र... या गं, या!"

मेंढरांना बोलवायची ती गोरोबाची रोजची हाक होती. शेवटाला त्याचा आवाज फाटायचा, तसाच पलीकडचाही फाटला. गोरोबा मात्र बाभळीखाली गप बसून होता.

मेंढरं माना वर करून टेकाडाकडं निघाली. गोरोबानं जीव खाऊन हाका मारल्या, पण एकही मागं वळेना. खिशातला फोन छातीला चटका देत होता. त्यानं तो दगडावर आपटून फोडला. तरी पलीकडची हाक थांबली नाही.

तेवढ्यात पायवाटेनं दैवशाला भाकरी घेऊन येताना दिसली आणि त्याच्या जिवात जीव आला.

"दैवशाले, भाकर आण गं!" पलीकडून आवाज आला.

"आले, आले!" म्हणत ती त्याच्या शेजारून तशीच पुढं निघाली.

"अगं, म्या हितं हाय!" गोरोबानं तिचा हात धरला.

तिनं हात झटकून सोडवला, पदर सावरला आणि घाबरून विचारलं, "कोण म्हणायचं तुमी, पावणं?"