महिनाभराची मुदत

नगरमधल्या चष्म्याच्या दुकानातून नॅथन आठ महिन्यांपूर्वी कोणालाही न सांगता निघून गेला होता. पुण्यातले काम टिकले नाही, म्हणून आज तो पुन्हा शामकांतरावांसमोर मान खाली घालून उभा होता.

"उद्यापासून ये," मालक म्हणाले. ना राग, ना जाब.

तरीही नॅथनचे मन स्थिर होईना. त्याच्या जुन्या जागेवर फिलोमिनाबाई यंत्रावर चष्म्याची काच घासत बसल्या होत्या.

"काका, आणि या बाई?"

"दोघांना पुरेल एवढं काम आहे कुठं? त्या आजपासून मोकळ्या."

"असं एका दिवसात? महिनाभराची मुदत तरी द्या की त्यांना!"

"हे तू सांगतोस? मला?" शामकांतराव हसले. "अरे, ठेवलं त्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं, नॅथन परत येईपर्यंतच हे काम."

फिलोमिनाबाईंनी यंत्र बंद केले, घासलेली काच पुसून ठेवली आणि डबा पिशवीत घातला.

"आठ महिने रोज हेच बघ," त्या नॅथनला म्हणाल्या. "दार उघडलं, की मनात म्हणायचे, प्रभू, गिऱ्हाईकच असू दे."