मेणाचा दाणा

"बंद कर," सासरे म्हणाले. "गार आहे हे."

घरामागच्या फरशीवर मोटरसायकल स्टँडवर उभी होती आणि तिचं इंजिन धडधडत होतं. वाऱ्यावर निवणारं जुनं इंजिन ते, उभ्या जागी त्याला वारा कुठून मिळणार? म्हणून घरातला टेबलफॅन आणून तिच्या पुढ्यात लावला होता. सासऱ्यांचा तळहात नव्या ऑइल कूलरवर होता. पत्र्याच्या बारीक पाकळ्यांची ती लहानशी चौकट सुनेने इंजिनापुढे बसवली होती. एका पाइपाने गरम ऑइल तिच्यात जायचं, निवायचं आणि दुसऱ्याने परत यायचं. निदान ठरलं तरी तसं होतं. इंजिनाला हात लाववत नव्हता आणि कूलर मात्र थंडगार.

"थोडं थांबा, बाबा," सून म्हणाली.

थांबा काय थांबा! सासऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मागे ऐन घाटात इंजिन तापून पिस्टन जाम झाला होता. तेव्हा सिलिंडर घासून मोठा केला आणि त्यात शेवटच्या मापाचा पिस्टन घातला. त्याच्यापुढचं माप मिळत नव्हतं. आता पुन्हा जाम झालं, की गाडी संपली. तेव्हापासून त्यांनी घाटाकडे तिचं तोंडही वळवलं नव्हतं. आजारी माणसाला चार पावलं फिरवून आणावं, तसे ते तिला बाजारापर्यंत नेत आणि परत आणत.

आयुष्यभर त्यांनी बस चालवली, पण जीव लावला तो या गाडीला. पोटच्या मुलालाही कधी चालवू दिली नाही. सून लेथवर काम करणारी, हाताची चोख, म्हणून हो-ना करता करता तिला पाना लावू दिला होता. तेही "गाडीला या वयात दागिने कशाला?" असं चारदा कुरकुरून.

"अहो, पंखा कधी देताय?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाई ओरडल्या. "आम्ही इथे घामाघूम आणि तुमची गाडी वारा खातेय!"

सासऱ्यांचं लक्षच नव्हतं. "ऑइल तुंबलंय कुठेतरी," ते म्हणाले. "पाइप उलटे जोडलेस तू." आणि त्यांनी किल्लीकडे हात नेला.

सुनेने त्यांचं मनगट धरलं. असं या घरात कधी झालं नव्हतं. तिची तिलाच धडकी भरली, पण तिने सोडलं नाही.

"उलटे नाहीत. इंजिन बाहेरून तापलंय, आतलं ऑइल अजून नाही तापलं. ते गार असेपर्यंत कूलरकडे जातच नाही. मध्ये झडप आहे. ऑइल पुरेसं तापलं की उघडेल."

"उघडणार कोण?"

"कोणी नाही. आपणहून उघडते."

"आणि नाही उघडली तर?"

तिच्याही कपाळावर घाम होता. तिने त्यांचा तळहात पुन्हा कूलरवर ठेवला आणि वरून आपला हात दाबून धरला.

इंजिन धडधडत राहिलं. सासऱ्यांना वाटलं, आपल्याच हाताची ऊब लागतेय. मग वरच्या कोपऱ्यात ती वाढली. बोटांखालची एक ओळ कोमट झाली, मग तिच्याखालची, मग तिच्याही खालची. ऊन भिंतीवरून उतरावं तशी ऊब तळहाताखालून सावकाश खाली उतरत गेली. इतकी वर्षं सासऱ्यांनी हे इंजिन कानाने ओळखलं होतं. त्याची खोकल्यासारखी कुरबुर, चढावरची धाप, सगळं तोंडपाठ. पण आत जे फिरत होतं, त्याला हात लागला तो आज पहिल्यांदा.

ते गुडघ्यांवर बसले. एका हाताने एक पाइप धरला, दुसऱ्याने दुसरा. पहिला इतका गरम, की सोडून सोडून धरावा लागत होता. दुसरा बराच निवलेला.

"हे जातंय," ते हळूच म्हणाले, "आणि हे येतंय."

"हो."

"त्या झडपेत काय आहे गं?"

"मेण. दाण्याएवढं असेल. तापलं की फुगतं आणि दांडी ढकलतं. निवलं की परत आखडतं."

"नुसतं मेण?"

"नुसतं मेण, बाबा."

त्यांना वाटलं होतं, एखादी वायर असेल, बॅटरी असेल. इथे अंधारात बसलेला मेणाचा एक दाणा, ना कोणी हाक मारायला, ना कोणी सांगायला, आणि वेळ झाली की बरोबर वाट उघडतो! त्यांना भरून आलं. ते त्यांनी लपवलंही नाही.

सासूबाई तावातावाने पंखा न्यायला आल्या. नवऱ्याच्या दोन मुठींत दोन पाइप आणि डोळ्यांत पाणी बघून दारातच थबकल्या, आणि पंख्याचं नाव न काढता आत गेल्या.

सुनेने इंजिन बंद केलं. फरशीवरची धडधड थांबली. सासरे पाइप धरून तसेच बसून होते.

"उद्या घाटात जाऊ," ते म्हणाले.

तिने किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"तू चालव," ते म्हणाले. "मला हात मोकळे हवेत."