विषुवदिनाची मैफल

"अण्णा, ऐकू येतंय?"

"येतंय की," मिरजेच्या घरातून भार्गवअण्णांनी लगेच उत्तर दिलं आणि त्यांची लेक मृण्मयी खुदकन हसली. एरवी हेच उत्तर तिच्यापर्यंत पोचायला कित्येक मिनिटं लागत.

ती कणाद नावाच्या लघुग्रहावरच्या खाणीत भूगर्भतज्ज्ञ होती. कणादचं वर्ष पृथ्वीएवढंच, पण कक्षा तिरकी. त्यामुळे वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा, तो पृथ्वीजवळून जाई. तेवढा तासभर आवाज क्षणात पोचे, आणि तेवढाच वेळ तिचं गाणं आणि अण्णांचा तबला जुळू शके.

गेल्या मार्चमध्ये मात्र अर्धांगानं अण्णांचा उजवा हात लुळा पडला होता. ती एकटीच गायली होती.

"आज तुम्ही नुसतं ऐका," असं म्हणून तिनं भूप सुरू केला.

दुसऱ्या ओळीला पलीकडून ठेका आला. संथ, जरा अडखळता. तिनं हळूच लय उतरवली.

"लय का उतरवलीस?" अण्णा कडाडले. "सहा महिने रोज दोन तास हात घासलाय मी. चढव!"

तिनं चढवली. तीनदा सम हुकली. चौथ्यांदा दोघं एकदमच समेवर आले आणि एकदमच "वा!" म्हणून ओरडले.

"हात दुखतोय का हो?" तिनं विचारलं.

"दुखतोय तर!" अण्णा हसत म्हणाले. "द्रुत घे. अजून वीस मिनिटं आहेत."