गारसाइडचे उपकार

"त्या माणसाकडे चहाला चाललायस?" ईडिथने नवऱ्याचा मफलर हातात घट्ट धरून ठेवला. "तीस वर्षं तुझे वाभाडे काढले त्याने!"

"म्हणूनच चाललोय," अ‍ॅम्ब्रोझ पेलिंग म्हणाला.

पेलिंगच्या कादंबऱ्या इंग्लंडातल्या प्रत्येक स्टेशनवर खपत. पण जाणकारांत त्याचं नाव काढलं की लोक हसत, आणि त्याला कारण होता एकटा समीक्षक, लायोनल गारसाइड.

'नायिका फार रडते,' असं त्याने पहिल्याच कादंबरीवर लिहिलं होतं. त्या रात्री पेलिंग जेवला नाही. पण पुढच्या कादंबऱ्यांत त्याने एकाही बाईला रडू दिलं नाही. 'धुकं अती झालं,' असं वाचून त्याने लंडनमध्ये वीस वर्षं लख्ख ऊन पाडलं. 'योगायोग पुरे,' म्हटल्यावर तर त्याच्या एकाही पात्राला हरवलेला भाऊ सापडेना.

आणि यंदा, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, वर्तमानपत्रं अचानक त्याला 'संयत' आणि 'प्रगल्भ' म्हणू लागली. एका विद्यापीठाने मानद पदवी जाहीर केली.

गारसाइड आता निवृत्त होऊन वर्दिंगला समुद्रकाठी राहत होता. दार त्यानेच उघडलं. पाहुण्याला ओळखताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मारायला आला असाल तर आधी चष्मा काढू द्या."

"छे हो! आभार मानायला आलोय."

गारसाइडने चहा ओतला. पेलिंगने अश्रू, धुकं, भाऊ, सगळं एकेक करून सांगितलं.

"बायको म्हणते, तुम्ही माझे वैरी. मी म्हणतो, गुरू. तुम्ही नसता तर ही पदवी कुठली?"

गारसाइडने कप खाली ठेवला.

"तुम्ही खरंच... मी लिहिलं म्हणून बदललंत हे सगळं?"

"तुमचा शब्दन् शब्द पाठ आहे मला."

"अरे देवा," गारसाइड पुटपुटला.

निघताना तो फाटकापर्यंत सोडायला आला. पेलिंगचा हात त्याने दोन्ही हातांत धरला, सोडेचना.

"मिस्टर पेलिंग, राग मानणार नसाल तर एक विचारू? आता मला वेळच वेळ आहे. तुमचं काही वाचायचं म्हटलं, तर सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करावी?"